काजूच्या हंगामाआधी एकच डोस: दोडामार्गातील एका घरावरून माकडतापाच्या वाहक-विषाणू लशीचा विचार

काकींच्या माकडतापाच्या लसीकरण कार्डावर तीन रकाने होते आणि त्यांतला पहिलाच भरलेला होता. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या हद्दीला टेकलेल्या दोडामार्ग तालुक्यातील एका वाडीत, त्यांच्या घराच्या पडवीत बसून मी ते कार्ड पाहिले, तेव्हा त्या स्वतः माकडतापातून उठून जेमतेम दोन महिने झाले होते. मी लशीची रचना करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. गोचिडींमार्फत पसरणाऱ्या विषाणूंविरुद्ध वाहक-विषाणूवर, म्हणजे रोगाच्या विषाणूचा तुकडा वाहून नेणाऱ्या दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूवर, आधारलेली लस कशी बांधता येईल, हा आमच्या गटाचा विषय आहे. हे टिपण त्या एका घराचे आणि त्या घराने आमच्यापुढे ठेवलेल्या एका प्रश्नाचे आहे: अशा लशीसाठी वाहक निवडताना सर्वांत जास्त वजन कशाला द्यायचे? काकींची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

काकींचे वय पन्नाशीच्या पुढचे. घरची थोडी भातशेती, दावणीला एक गाय आणि तिचे वासरू, आणि डोंगरउतारावर काजूची कलमे. थंडी पडली की त्या भाजावळीसाठी, म्हणजे भाताची जमीन भाजण्यासाठी, रानातला पातेरा (गळलेला पाला) गोळा करतात. खराट्याने ओढून ढीग करायचा, दोन्ही हातांनी कवटाळून टोपलीत दाबायचा आणि डोक्यावरून तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेच्या, जागी नेऊन पसरायचा, असे ते काम. पुढे काजू पडू लागले की हाताने पातेरा उलथापालथा करून त्याखालची बी वेचायची आणि बोंडापासून पिळून वेगळी करायची. आम्ही त्यांच्या कलमांखाली पांढरे फ्लॅनेल जमिनीवरून ओढत नेले. दहा-बारा पावलांनंतर कापड उलटून पाहिले, तर त्यावर मोहरीहून लहान तपकिरी ठिपके होते आणि प्रत्येक ठिपका हळूहळू कापडाच्या कडेकडे सरकत होता. ही गोचिडीची मधल्या अवस्थेतील पिल्ले, म्हणजे निम्फ. माणसाला माकडताप होतो तो बहुतेक वेळा यांच्याच चावण्याने, आणि पातेरा कवटाळणाऱ्या हातावर ती चढली तर घामाच्या धारेत ती कळतही नाहीत.

जानेवारीच्या अखेरीस काकींना एकाएकी थंडी वाजून ताप आला. कपाळ आणि कंबर असह्य दुखू लागली, डोळे लाल झाले, उलट्या सुरू झाल्या. त्याआधी चार दिवस वाडीच्या वरच्या अंगाला एक माकड मरून पडल्याचे गुराख्याने सांगितले होते, आणि आशाताईंनी ही दोन टोके जोडली म्हणून रक्ताचा नमुना वेळेत तपासणीला गेला. माकडताप असल्याचे निदान आले. दहा-बारा दिवसांत ताप उतरला, काकी घरी आल्या, आणि जवळपास दोन आठवड्यांनी ताप पुन्हा चढला. या वेळी डोकेदुखीबरोबर हाताला कंप होता. हा दुसरा झटका सर्वांना येत नाही, पण ज्यांना येतो त्यांच्यात मेंदू आणि मज्जासंस्थेची लक्षणे दिसतात. काकी वाचल्या. या रोगात साधारण शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात आणि विषाणूवर नेमके असे औषध नाही. सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि विश्रांती एवढाच उपचार. अशक्तपणामुळे त्या वर्षीचा काजूचा हंगाम मात्र पूर्ण हातचा गेला.

कार्डावरचे उरलेले दोन रकाने कोरे का, असे मी विचारले, तेव्हा काकी म्हणाल्या, "बाय, पयल्या सुईन हात दोन दिस वर जाय नाय. दुसऱ्या सुयेच्या वेळेक भाताची कापणी इली. मगे पातेरो, मगे काजी. मिया जातलंय कदी, ता तूच सांग."

याला हलगर्जीपणा म्हणायला मी तयार नाही. लशीच्या रचनेत वापरणाऱ्याचे वर्ष विचारात घेतलेले नव्हते, हा माझा निष्कर्ष आहे, आणि पुढचा सारा विचार त्यावर उभा आहे.

रोगाचे वर्ष आणि माणसाचे वर्ष

१९५७ साली कर्नाटकातील तेव्हाच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्या साथीतून माकडतापाचा हा विषाणू वेगळा केला. त्याच्या कुळात डेंगी आणि जपानी मेंदूज्वराचे विषाणूही येतात, पण ते डासांचे आणि हा गोचिडींचा. अनेक दशके तो कर्नाटकाच्या काही तालुक्यांपुरता राहिला. २०१२ नंतर तो बांदीपूर, निलगिरी, वायनाड असा दक्षिणेला दिसला, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात काजू बागायतीत काम करणाऱ्यांमध्ये आढळला, आणि २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्गात उद्रेक झाला. पुढच्या वर्षांत सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरातही रुग्ण निघाले.

या विषाणूचे मुख्य वाहन हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची जंगली गोचीड आहे. पाऊस सरल्यावर तिच्या अळ्या उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या लहान प्राण्यांवर आणि पक्ष्यांवर पोसतात. डिसेंबरपासून मेपर्यंत निम्फ असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडी पावसाळ्यात गुरांवर चढतात. गुरे विषाणूचा साठा करीत नाहीत, पण गोचिडींची संख्या तीच टिकवून धरतात. लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे वानर या रोगाने मरतात, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी त्या जागेला काही काळ धोक्याची करून ठेवतात. म्हणूनच माकड मेलेल्या जागेभोवती मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकतात.

लस बनवणाऱ्याच्या दृष्टीने यात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. कोविड किंवा गोवर यांत शेजाऱ्याने लस घेतली तर आपल्यालाही थोडा आडोसा मिळतो. इथे तो अजिबात मिळत नाही. वाडीतल्या नऊ जणांनी लस घेतली आणि दहावी काकी राहिली, तर काकींचा धोका पूर्वीइतकाच राहतो. त्यामुळे अमुक टक्के लसीकरण झाले की पुरे, हा हिशेब इथे लागू पडत नाही. रानात जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या अंगात संरक्षण हवे आणि ते निम्फ निघण्याच्या आत हवे. दुसरी गोष्ट हंगामाची. डिसेंबरपूर्वी संरक्षण तयार हवे असेल, तर लस सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात द्यावी लागते. कोकणात सप्टेंबर चतुर्थीच्या पाहुण्यांत जातो, ऑक्टोबर भातकापणीत आणि झोडणीत. मोकळे असे नोव्हेंबरचे दोन-तीन आठवडे उरतात.

जुन्या लशीचे गणित

१९९० पासून कर्नाटकात जी लस दिली गेली, ती कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत विषाणू वाढवून फॉर्मॅलिनने मारून केलेली होती. त्याआधी रशियातील गोचिडजन्य मेंदूज्वरावरची निष्क्रिय (मारलेल्या विषाणूची) लस शिमोगा भागात वापरून पाहिली गेली होती, कारण दोन्ही विषाणू जवळचे नातेवाईक. पण तिने रुग्ण कमी झाले नाहीत. नाते जवळचे असूनही संरक्षण मिळत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

भारतीय लशीचे वेळापत्रक असे होते: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा ते नऊ महिन्यांनी वर्धक (बूस्टर), आणि पुढे पाच वर्षे दरसाल एक वर्धक. कर्नाटकातील २००५ ते २०१० या काळातील आकड्यांवरून तिची परिणामकारकता दोन डोसांनंतर ६२.४ टक्के आणि वर्धक डोसासह ८२.९ टक्के निघाली. आता हे वेळापत्रक काकींच्या वर्षावर ठेवून पाहावे. पहिला डोस सप्टेंबरात घेतला, तर दुसरा कापणीत येतो आणि वर्धक मार्च ते जून या काळात, म्हणजे काजूच्या ऐन हंगामात किंवा पेरणी-लावणीच्या तोंडावर. त्यात इंजेक्शनची जागा दोन-तीन दिवस ठणकत असे, आणि ज्या बाईची दिवसाची कमाई हातावर अवलंबून आहे, तिला दुखरा हात म्हणजे बुडालेली मजुरी. कागदावरची ८३ टक्के परिणामकारकता ज्या वर्धक डोसावर उभी होती, तोच डोस घ्यायला सर्वांत कठीण महिन्यांत पडत होता. पुढे लशीची ताकद तपासण्यांत कमी भरू लागली आणि २०२२ पासून ती देणे थांबले. आता भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स मिळून नवी निष्क्रिय लस तयार करीत आहेत. तिचे दोन डोस २८ दिवसांच्या अंतराने द्यायचे आहेत. ती यशस्वी व्हावी असे मला मनापासून वाटते, कारण सध्या गोचिडी दूर ठेवण्यासाठी अंगाला लावायचे डीएमपी तेल, अंगभर कपडे आणि घरी आल्यावर गरम पाण्याची आंघोळ याखेरीज वाडीत काहीही नाही. तरीही दोन डोस आणि २८ दिवस हे अंतर पुन्हा त्याच कापणीशी जाऊन अडते.

वाहक कोण

वाहक-विषाणू लशीत रोगाचा विषाणू मुळीच वाढवावा लागत नाही. माकडतापाच्या विषाणूची जनुकीय लिपी सुमारे ११ हजार अक्षरांची आहे. त्यातला जेमतेम दोन हजार अक्षरांचा तुकडा दोन प्रथिनांसाठी पुरतो. एक आवरण प्रथिन, ज्याने विषाणू पेशीला चिकटतो, आणि दुसरे त्याला घडण होईपर्यंत जपणारे पूर्व-पटल प्रथिन. ही दोन्ही एकत्र तयार झाली तरच आवरण प्रथिनाला खरा आकार येतो, आणि विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडे त्या खऱ्या आकारावरच बसतात. हा तुकडा दुसऱ्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या लिपीत बसवायचा. तो वाहक माणसाच्या पेशीत शिरला की पेशी ती प्रथिने स्वतः बनवते, आणि प्रतिपिंडांबरोबर मारक पेशींचा प्रतिसादही जागा होतो, जो मेलेल्या विषाणूच्या लशीने कमकुवत राहतो. उत्पादनासाठी जिवंत घातक विषाणूचे हंडे वाढवावे लागत नाहीत, हा कारखान्यात काम करणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्नही त्यातून सुटतो. आणखी एक फायदा टेहळणीचा आहे. अशा लशीत विषाणूची इतर प्रथिने नसल्याने, एखाद्याच्या रक्तात एनएस-१ या त्यांतल्या एका प्रथिनावरची प्रतिपिंडे दिसली तर ती लशीमुळे आलेली नाहीत हे सांगता येते. लस घेतलेल्या वाडीतही खरी लागण शोधता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

आमच्यापुढे दोन वाहक होते. एक चिंपांझीचा अडिनोव्हायरस, जो कोव्हिशिल्डमध्ये वापरला गेला. पुण्यात त्याचे प्रचंड उत्पादन झालेले आहे, तो माणसाच्या शरीरात वाढत नाही, आणि घरगुती फ्रिजच्या थंडीत, २ ते ८ अंशांत टिकतो. मात्र काकींच्या पडवीतच त्याची अडचण कळली. त्यांच्या कार्डाच्या पिशवीत कोव्हिशिल्डच्या दोन डोसांची पावती होती. कोकणातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात या वाहकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली आहेत; ती काळाने ओसरत असली, तरी नव्या लशीचा पहिलाच डोस शरीराने ओळखून अडवला, तर एका डोसाचे काम तो करू शकणार नाही. वेगळ्या जातीचा अडिनोव्हायरस घेता येतो, जसा ऑक्सफर्डमध्ये काँगो तापाच्या लशीसाठी घेतला आहे, पण मग पुण्यातल्या तयार उत्पादनाचा फायदा तितका राहत नाही.

दुसरा वाहक व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसचा विषाणू, थोडक्यात व्हीएसव्ही. हा अमेरिका खंडातील गुराघोड्यांच्या तोंडाला फोड आणणारा विषाणू. त्याचे स्वतःचे पृष्ठभागावरचे प्रथिन काढून तिथे इबोलाचे प्रथिन बसवलेली लस २०१५ मध्ये गिनीत वापरली गेली, दहा दिवसांत संरक्षण देऊ लागली, आणि २०१९ मध्ये तिला युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली. माकडतापासाठी हाच वाहक अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेने घेतला. २०२१ मध्ये उंदरांवरचे आणि २०२३ मध्ये पिगटेल माकडांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि दोन्हींत एकाच डोसाने संरक्षण मिळाले. यातले दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. उंदीर या विषाणूने मेंदूच्या संसर्गाने मरतो. माणसातला ताप आणि रक्तस्राव त्याच्यात नीट उमटत नाही, आणि पिगटेल माकडात तो बराच उमटतो. तरी एक उणीव राहते. या प्रयोगांत विषाणू सुईने दिला जातो, तर रानात तो गोचिडीच्या लाळेबरोबर येतो, आणि गोचिडीची लाळ चाव्याच्या जागची प्रतिकारशक्ती मंदावते हे इतर गोचिडजन्य विषाणूंच्या अभ्यासातून माहीत आहे. संसर्गित निम्फ चावू देऊन संरक्षण तपासणारा प्रयोग आम्ही आमच्या आराखड्यात पहिल्या यादीत घातला आहे.

व्हीएसव्हीविरुद्ध कोकणातल्या माणसांत आधीची प्रतिकारशक्ती असण्याचा संभव फार कमी, कारण तो विषाणू इथला नाही. त्याचा एक भाऊबंद मात्र आपलाच आहे: १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला चांदीपुरा विषाणू. आमच्या बैठकीत यावर बराच वेळ गेला. पण निकामी करणारी प्रतिपिंडे पृष्ठभागावरच्या प्रथिनावर बसतात आणि इबोलाच्या लशीसारखी रचना केली तर वाहकाचे ते प्रथिनच काढलेले असते, त्यामुळे ही भीती मला गौण वाटते.

थंडी आणि गोठा

थंडीची अडचण खरी असली तरी तिच्यावर तोड निघते. इबोलाची व्हीएसव्ही लस उणे ६० ते उणे ८० अंशांत साठवावी लागते, आणि वितळल्यानंतर २ ते ८ अंशांत दोन आठवडे चालते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आइसलाइन्ड रेफ्रिजरेटर असतो, अतिथंड फ्रीजर नसतो. म्हणून साठा जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवून नोव्हेंबरच्या त्या दोन आठवड्यांतच कुप्या वितळवून तालुक्याला पाठवणे, आणि वाड्यावाड्यांचा फेरा चौदा दिवसांत संपवणे, असे नियोजन करता येते. एकच डोस असल्यामुळेच हे शक्य आहे. दोन डोस असते तर हीच कसरत त्याआधी कापणीच्या मध्यावरही करावी लागली असती. इबोलाच्या लशीने काही जणांना ताप आणि सांधेदुखी झाली होती, ती इथेही होईल असे धरून चालावे आणि आधी स्पष्ट सांगावे. नोव्हेंबरात दोन दिवस घरी बसणे परवडते, मार्चमध्ये परवडत नाही.

चाचणीची अडचण अधिक खोल आहे. दरवर्षी रुग्ण कुठे आणि किती निघतील याचा नेम नाही. एका वर्षी एक वाडी, पुढच्या वर्षी दुसरीच. हजारो माणसांना लस आणि बनावट लस देऊन फरक मोजण्याची नेहमीची पद्धत इथे वर्षानुवर्षे निकाल देणार नाही. माकडांत संरक्षण देणारी प्रतिपिंडांची पातळी आधी ठरवून, माणसांत तेवढी पातळी गाठली जाते का ते पाहणे, आणि मान्यतेनंतर वाडीवार नोंद ठेवत राहणे, हाच मार्ग मला प्रामाणिक वाटतो. त्यासाठी काकींसारख्या बरे झालेल्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे तुलनेसाठी मिळाली तर फार उपयोग होईल. नमुना द्यायला त्या तयार होत्या.

मी सर्वांत जास्त अडले ते गोठ्यापाशी. व्हीएसव्ही मूळचा गुरांचा विषाणू आणि लशीतला वाहक शरीरात काही काळ वाढणारा. इबोलाच्या लशीच्या माहितीपत्रकात स्पष्ट सूचना आहे की लस घेतलेल्याने निदान सहा आठवडे आपले रक्त किंवा शरीरद्रव गुरांच्या संपर्कात येऊ देऊ नयेत. धोका सैद्धांतिक आहे, पण भारतात हा विषाणू गुरांत नाही, आणि तो कोकणातल्या गोठ्यात आपल्या हाताने आणण्याची शक्यता कितीही लहान असली तरी तिचे उत्तर आधी मिळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. मी हे काकींना साध्या शब्दांत समजावले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "सहा आठवडे गाय कोण पिळतलो? घो मुंबयत, सून माहेराक."

म्हणून आमच्या गटाची शिफारस अशी झाली. दोडामार्गासारख्या भागासाठी व्हीएसव्ही वाहकावरची एका डोसाची लस पुढे न्यावी, डोस नोव्हेंबरात द्यावा, आणि अडिनोव्हायरसवरचा पर्याय गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांच्यासाठी वेगळा तपासावा, कारण त्यांना वाढणारा वाहक देणे मला योग्य वाटत नाही. आणि माणसांवरच्या पहिल्या चाचणीत स्वयंसेवकांची लाळ, लघवी आणि तळहाताचे नमुने सहा आठवडे, दर आठवड्याला घ्यावेत, आणि बंदिस्त प्रयोगशाळेतील गोठ्यात वासरांना हा वाहक देऊन त्यांची तोंडे रोज तपासावीत. यातला तळहाताचा नमुना आमच्या मूळ आराखड्यात नव्हता. काकी गाय पिळतात तेव्हा सड आधी ओल्या फडक्याने पुसतात आणि मग बोटे थुंकीने ओलसर करतात, हे त्या दिवशी संध्याकाळी मी गोठ्यात उभी राहून पाहिले आणि तो त्याच रात्री जोडला.